चारशे मीटर

आज सकाळी पोहून आलो. चारशे मीटर, फ्रीस्टाइल, मध्ये न थांबता.

हे वाचून "मग?" असं वाटलं असेल तर तुमचं काही चुकलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो. तेव्हा माझा वॉर्मअपच चारशे मीटरचा असायचा. स्वप्न होतं गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ चं. मिरामार बीचवर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या सबमिशनमध्ये बुडालेलो होतो. मग कोविडमुळे दोन वर्षं गेली आणि २०२२ ला ती परत सुरू झाली, तोवर मला नोकरी, पगार आणि सायकल असं तिन्ही लाभलं होतं. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणं. (७०.३ हा आकडा मैलांचा आहे. आमच्या ऑफिसात एकाला तो माझा ताप वाटला होता. असो.)

२०२४ च्या पावसाळ्यात एका रविवारी उत्तनहून सायकलवर परत येत होतो. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सरकलं, डाव्या हातावर पडलो आणि खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, तीन आठवडे हात गळ्यात होता. व्यायामाचा कागद मिळाला, तो लॅपटॉपच्या बॅगेत जाऊन पडला. एक्स-रे चांगला आला होता ना! टेस्ट पास झाली की रिलीज, ही आमची सवय. त्या टेस्टमध्ये नेमकी बिघडलेली गोष्ट तपासलीच जात नव्हती, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

ते आलं २०२५ च्या एप्रिलमध्ये, पाण्यात. पुलाच्या खोल बाजूला होतो, डावा हात पुढे टाकून पाणी मागे ओढायला गेलो आणि खांदा परत निसटला. जमिनीवर खांदा निखळला तर माणूस बोंबलतो. पाण्यात बोंबलायला तोंड उघडलं की पाणी आत जातं. हात कुठे आहे तेच कळत नव्हतं, पाय उगाच झाडत होतो आणि वरचं छत मध्येच दिसायचं, मध्येच नाही. लाइफगार्ड काकांनी उडी मारून मला काठाला आणलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आतलं असेल. तेवढं पुरलं.

यामागचं यंत्र तसं सोपं आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं मोठं लिंबू. म्हणून हात चहूबाजूंना फिरतो आणि म्हणूनच पटकन निसटतो. बशीला कूर्चेसारखी एक कड असते, लॅब्रम. खांदा पुढे निखळताना बऱ्याचदा ती पुढच्या बाजूने फाटते. बँकार्ट नावाच्या ब्रिटिश सर्जननी १९२३ मध्ये याच्यावर लिहिलं, म्हणून शस्त्रक्रियेलाही त्यांचंच नाव. आता ती दुर्बिणीतून करतात. हाडात बारीक अँकर बसवायचे आणि त्यांच्या दोऱ्यांनी कड परत शिवायची. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता बरीच असते, हेही मला तेव्हा कळलं. म्हणजे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, कळलं तेव्हा.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. तीन अँकर.

पहिले सहा आठवडे घरून काम. रात्री पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं. शर्ट घालायला आई लागायची. अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याच्या बाहीत आई हात घालून देतेय, आणि दोघंही काही बोलत नाही. बोलली ती एकदाच. "तुझी सायकल विकून टाकू का रे?" मी हसलो. ती हसली नाही.

जुलैत ऑफिस सुरू झालं. स्लिंगची मुदत खरं तर संपली होती, पण लोकलसाठी फिजिओ मॅडमनी ती आणखी दोन आठवडे घालायला लावली. मीरा रोडला सकाळची गाडी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. पण स्लिंग दिसली की चमत्कार व्हायचा. "अरे जाने दो, हाथ टूटा है!" अशी आरोळी यायची आणि त्या गर्दीत माझ्यापुरती फट पडायची. टूटा नाहीये, लॅब्रम शिवलंय, हे समजावण्याच्या फंदात मी पडलो नाही. एका काकांनी तर अंधेरीपर्यंत स्वतःच्या पाठीने माझा खांदा सांभाळला आणि उतरताना साधं वळूनही पाहिलं नाही.

घरी बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवायची आणि जिथे थांबतील तिथे तारीख घालायची. लहान मुलांची उंची मोजतात तसं. शिवाय दर आठवड्याला मॅडम गोनिओमीटरने कोन मोजायच्या, तो मी एक्सेलमध्ये घालायचो, त्याचा ग्राफ काढायचो. ऑगस्टमध्ये ग्राफ सपाट झाला. हात बाहेर वळवण्याचा कोन तीन आठवडे पस्तीस अंशांवर अडकला होता. मी ग्राफ दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हे बघणं आठवड्यातून एकदाच करा. रोज बघून खांदा वळत नाही."

तीन खेळांपैकी सायकल सगळ्यात आधी परत आली, तीही ट्रेनरवर, खोलीतच, हँडलला डावा हात न लावता. मग धावणं, कारण धावताना बसणारे हिसके शिवलेल्या खांद्याला लवकर झेपत नाहीत. पोहणं सगळ्यात शेवटी. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

अकराव्या आठवड्यात मला पाण्यात फक्त चालायची परवानगी होती. छातीएवढ्या पाण्यात आजोबांसारखं इकडून तिकडे चालायचं. शेजारच्या लेनमध्ये सातवी-आठवीतली पोरं सपासप जात होती. काकांची पाठ वळली आणि मी फ्रीस्टाइलचे हात मारले. मोजून चार. काही निखळलं नाही. पण त्या रात्री खांदा असा ठणकला की मी परत तीन उशांवर. दुसऱ्या दिवशी मॅडमनी हात उचलून पाहिला आणि एवढंच विचारलं, "किती?" मी म्हणालो, "चार." दोन आठवडे पाणी बंद. ग्राफ त्यामुळेच सपाट झाला का, हे मी त्यांना विचारलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

वाचता वाचता एक कामाची गोष्ट हाती लागली. ट्रायथलॉनच्या नियमांत फ्रीस्टाइलच पाहिजे असं कुठेही नाही. कुठलाही स्ट्रोक चालतो. दमलात तर बोया किंवा कयाक धरून थांबताही येतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. मला एकदम सुटल्यासारखं झालं. चौथ्या महिन्यात आखूड हातांचं ब्रेस्टस्ट्रोक सुरू झालं आणि मी हिशेब मांडायला बसलो, सगळं अंतर असंच बेडकासारखं कापलं तर १ तास १० मिनिटांच्या कटऑफमध्ये बसतं का? कसंबसं बसत होतं. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "खांदा तयार आहे हो. तुम्ही नाही."

राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला. फ्रीस्टाइल करायला मी घाबरत होतो आणि नियमावलीच्या आड लपत होतो. पंचवीस मीटरच्या पुलात मला एका फेरीला साधारण वीस हात लागतात. १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, पंधराशेच्या वर हात, त्यातले साडेसातशेच्या आसपास डाव्याचे. त्या प्रत्येक वेळी मला ते मध्येच दिसणारं छत आठवणार होतं.

डिसेंबरमध्ये एका सकाळी काकांना जाऊन सांगितलं की आज एक फेरी फ्रीस्टाइल करायची आहे. ते काही बोलले नाहीत. खुर्चीवरून उठले, चपला काढल्या आणि काठावर उभे राहिले. मी निघालो. श्वासाला मान वळवली की काठावरून चालणारे त्यांचे पाय दिसायचे. डावा हात मी इतका जपून टाकत होतो की आपोआप उजव्या दोरीकडे सरकत गेलो, दोनदा दोरीला धडकलो. पलीकडचा काठ धरला तेव्हा दम फेरीने लागला नव्हता. काका वरून म्हणाले, "वाकडा जातोयस. अंग वळव, सगळं खांद्यावर नको घेऊ." आणि खुर्चीवर जाऊन बसले.

त्यानंतर दोन महिने त्यांचं तेवढं एक वाक्य पुरतंय. अंग कुशीवर वळलं की हात आपसूक पुढे जातो, खांद्याला ओढावं लागत नाही. कॉलेजमध्ये असताना मी हे शिकलोच नव्हतो, नुसत्या जोरावर रेटत होतो.

आज पंधराव्या फेरीच्या सुमारास लक्षात आलं की काका माझ्याकडे बघतच नाहीयेत. उथळ बाजूला कुणाच्या तरी पोराला पळू नको म्हणून झापत होते.

गोव्याचं नाव अजून नोंदवलेलं नाही. ती साइट काल रात्री उघडली होती, मग टॅब बंद केला, मग परत उघडला. आईला अजून काही बोललेलो नाही. आत्ता घरी आलो तर तिने विचारलं, "दुखतंय का?" म्हटलं, नाही. "मग तो वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढून दे."

दोन्ही हातांनी काढला.