पन्नास चौरस मीटरांची साक्ष

शेतात उभे असलेले पीक किती उतरेल हे कापणीपूर्वी नजरेने ठरविण्याची विद्या आपल्या मुलखात फार जुनी आहे. जमाबंदीच्या दप्तरांत तिला आणेवारी म्हणत, आणे व्यवहारातून गेल्यानंतर ती पैसेवारी झाली, आणि आजही ज्या गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली येते त्याच्याकडे सरकार टंचाईच्या दृष्टीने पाहू लागते. या नजरअंदाजाला मी तुच्छ लेखत नाही, कारण तो करणारे जुने पाटील आणि तलाठी जमिनीचे खरे जाणकार होते. परंतु त्या अंदाजाला एक मोठे न्यून होते, ते असे की त्यात चूक किती असू शकेल हे सांगण्याचे कोणतेही साधन त्या जाणकारांपाशी नव्हते. माझी नोकरीतील बहुतेक वर्षे कृषी खात्याच्या सांख्यिकी शाखेत, या न्यूनाची भरपाई करणाऱ्या पीककापणी प्रयोगांवर देखरेख करण्यात गेली, आणि त्यांतील एका खरिपाचा अनुभव येथे सांगण्याचा विचार आहे.

स्थळ मांजरा नदीच्या खोऱ्यातील एक महसूल मंडळ, पीक सोयाबीन, आणि काळ प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाल्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांपैकी. मंडळ हे विम्याचे एकक धरले म्हणजे एका पिकासाठी त्यात निदान दहा प्रयोग घ्यावे लागतात. हजारो हेक्टरांवरच्या सोयाबीनची साक्ष अशा दहा तुकड्यांनी द्यावयाची, म्हणून ते तुकडे कोणी निवडावयाचे हा सगळ्या शास्त्राचा कळीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर, कोणीही निवडावयाचे नाहीत, असे आहे. गावे यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून निघतात, गावातील गट क्रमांक त्याच रीतीने निघतो, आणि शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहून लांबीच्या व रुंदीच्या दिशेने किती पावले जावयाचे हेही अंकच ठरवितात. तेथे खुंटी ठोकून दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद आयत आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करून पंचनामा करावयाचा. आयत पन्नास चौरस मीटरांचा असल्यामुळे त्यातले एक किलो म्हणजे हेक्टरी दोनशे किलो, आणि तराजूवर शंभर ग्रॅमची हयगय झाली तर हेक्टरी वीस किलोंचा फरक. मी प्रत्येक पर्यवेक्षकाला प्रथम हा गुणाकार पाठ करावयास लावीत असे.

त्या मंडळातील एका शेतात अंकांनी आम्हांला नेमके अशा जागी नेले, जेथे भाद्रपदातल्या पावसाचे पाणी साचून पीक विरळ झाले होते. शेताचे मालक, ज्यांना सारा गाव बापू म्हणत असे, ते शांतपणे बांधावर बसून होते. पण जमलेल्यांत दोन तट तत्काळ पडले. विमा कंपनीचा तरुण प्रतिनिधी म्हणाला, "साहेब, ही जागा शेताचा नमुनाच नाही, वीस पावलं पुढं घ्या, तिथं सगळं एकसारखं आहे." गावकऱ्यांपैकी एकाने लगेच सांगितले, "पुढं कशाला, अजून खाली घ्या, पाणी तर खालीच जास्त मुरलंय." प्रत्येकाचा कल त्याच्या हिताच्या दिशेचा होता आणि प्रत्येकाला आपण न्यायाचेच बोलतो असे मनापासून वाटत होते. मी खुंटी हलवू दिली नाही. ती जागा मला प्रातिनिधिक वाटली म्हणून नव्हे. तर प्रातिनिधिक काय हे ठरविण्याचा अधिकार एकदा का माणसाच्या हाती दिला, की दहा तुकड्यांच्या सरासरीवरून मंडळाविषयी बोलण्याचा आमचा हक्क त्याच क्षणी संपतो म्हणून. विरळ जागी खुंटी पडण्याचा जो संभव, तोच दाट जागी पडण्याचा. या समान संभवाच्या पायावरच पुढचे सर्व गणित उभे असते.

दोरी ताणल्यावर दुसरी कसोटी आली. दोरीला टेकलेली झाडे आत धरावयाची की बाहेर, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण त्यावर या देशात मोठा शास्त्रीय वाद होऊन गेला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात गव्हाच्या शेतांवर प्रयोग करून दाखविले की कापणीचा तुकडा जसजसा लहान घ्यावा तसतसा उत्पन्नाचा अंदाज फुगत जातो, कारण कापणाऱ्याचा हात सीमेवरची झाडे नकळत आत ओढतो. लहान तुकड्यांचा पुरस्कार करणाऱ्या प्रा. महालनोबिस यांच्याशी त्यांचा याविषयी दीर्घ मतभेद झाला. हिशेब करून पाहावा. दोन मीटर बाजूचा चौरस घेऊन चारी बाजूंनी केवळ पाच सेंटिमीटर पट्टी चुकून आत आली, तर क्षेत्र दहा टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. दहा बाय पाचच्या आयतात तीच चूक तीन टक्क्यांची होते. म्हणून मी बापूंच्या शेतात दोरीवरचे एकेक झाड वाकून पाहिले आणि ज्याचे बूड आत ते आत, ज्याचे बूड बाहेर ते बाहेर, असे मोठ्याने सांगत गेलो.

हा तपशील मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. पुढे जे विश्वास-अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्यांच्या दरम्यान धरावयाची त्या दोन टोकांमधला पट्टा, आपण काढतो, ते केवळ यदृच्छेने येणाऱ्या चढउताराची मर्यादा सांगते. हाताच्या कलाने, म्हणजे अभिनतीने, शिरलेली चूक त्यात कोठेच उमटत नाही. खोट्या तराजूवर शंभर वेळा वजन केले तर वजने एकमेकांशी सुरेख जुळतील, आणि तरीही ती सारी खोटीच असतील. नमुना वाढविला की अंतराल आकसते, पण अभिनती जागची हलत नाही. किंबहुना अरुंद अंतरालामुळे चुकीच्या आकड्याला अधिकच प्रतिष्ठा लाभते.

दहाही प्रयोग संपल्यावर तालुक्याच्या कार्यालयात मी आणि एक नवा कृषी सहायक आकडे घेऊन बसलो. खऱ्या नोंदी येथे देत नाही. गणिताची रीत कळावी म्हणून सोयीचे आकडे घेतो. समजा, दहा तुकड्यांचे माध्य, म्हणजे सरासरी, सहा किलो आले, म्हणजे हेक्टरी बारा क्विंटल, आणि तुकड्यातुकड्यांतील प्रमाण विचलन दीड किलो. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की माध्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.४७ किलो येते. नमुना मोठा असता तर तिला १.९६ ने गुणले असते; पण दहाच निरीक्षणे असताना विचलन स्वतःच अंदाजाने काढलेले असल्यामुळे गुणक २.२६ घ्यावा लागतो. ही सावधगिरी आपल्याला गॉसेट नावाच्या गृहस्थाने शिकविली, जो डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीस होता, ज्याला बार्लीच्या मोजक्या शेतांवरून निष्कर्ष काढावे लागत, आणि ज्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने आपला निबंध प्रसिद्ध केला. एका व्यापारी पेढीच्या गरजेतून, धान्याच्याच शेतांवर जन्मलेले ते गणित आमच्या सोयाबीनला परके नव्हते. गुणाकार केला तर अंतर एक किलोहून किंचित अधिक, म्हणजे हेक्टरी २.१५ क्विंटल, मंडळाचे खरे माध्य ९.८५ ते १४.१५ क्विंटलांच्या दरम्यान, पंचाण्णव टक्के विश्वासाने.

सहायकाने विचारले, "म्हणजे खरं माध्य या दोन आकड्यांत असण्याची शक्यता पंचाण्णव टक्के, असंच ना सर?" प्रश्न बुद्धिमान होता आणि त्याचे उत्तर नकारार्थी होते. संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे विश्वास-अंतरालाचा विचार मांडला तेव्हा बाउलींसारख्या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञालाही त्याविषयी उघड शंका वाटली होती, तेव्हा नवख्याचा गोंधळ व्हावा यात नवल नाही. मी त्याला सांगितले की मंडळाचे खरे माध्य ही स्थिर गोष्ट आहे. ते आपल्या दोन आकड्यांत आहे किंवा नाही, इतकेच. पण ज्या रीतीने आपण हे आकडे काढले, त्या रीतीने वर्षानुवर्षे, मंडळामागून मंडळात अंतराले काढीत गेलो, तर शंभरांतील सुमारे पंचाण्णव खऱ्या माध्याला कवेत घेतील. म्हणजे ते पंचाण्णव टक्के या आकड्यांच्या जोडीचे नसून रीतीचे आहेत; आणि म्हणूनच शेतात खुंटी हलविली असती तर कार्यालयात या वाक्यात काहीही अर्थ उरला नसता.

आता व्यवहाराकडे वळतो. या योजनेत मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या टक्केवारीने, गुणून उंबरठा उत्पन्न ठरते, आणि त्या वर्षांत प्रयोगांचे माध्य त्याखाली जितक्या प्रमाणात उतरेल तितक्या प्रमाणात विमा रकमेची भरपाई मिळत असे. उंबरठा साडेबारा क्विंटल असल्याचे धरले, तर बारा क्विंटलांच्या माध्यावर भरपाई चार टक्के होते. परंतु अंतरालाचे वरचे टोक खरे असेल तर भरपाई शून्य, आणि खालचे टोक खरे असेल तर ती एकवीस टक्क्यांच्या घरात. ज्या आकड्यावर हजारो खातेदारांच्या घरची दिवाळी आणि एका कंपनीचा ताळेबंद अवलंबून, तो आकडा एवढ्या रुंद पट्ट्यात कोठेही असू शकतो, आणि विहित नमुन्यात मात्र माध्याचा एकच रकाना असतो! माझे स्पष्ट मत आहे की हा अर्धवट दाखला होय. माध्याशेजारी दोन टोकांचे रकाने छापल्याने भरपाईची रक्कम बदलणार नाही, पण पुढील वर्षी प्रयोग किती घ्यावेत याचा विचार तरी सुरू होईल. प्रमाण त्रुटी निम्मी करावयाची तर दहाचे चाळीस प्रयोग लागतात, आणि त्याचा खर्च व माणूसबळ किती हा प्रश्न मग अंदाजाने नव्हे, हिशेबाने सोडविता येतो.

निकाल जाहीर झाल्यानंतर बापू कार्यालयात आले. त्यांच्या तुकड्याचे वजन माध्याच्या बरेच खाली होते. "साहेब, मंडळाचं सगळं समजलं, पण माझं शेत यात कुठं बसलं?" असे त्यांनी विचारले. त्यांना बरे वाटेल असे उत्तर मजपाशी नव्हते. ती दोन टोके मंडळाच्या माध्याची आहेत; एकेका शेताचे उत्पन्न त्यांच्या कितीतरी बाहेर असू शकते, आणि चाळीस काय, चारशे प्रयोग केले तरी माध्याचे अंतराल आकसेल, शेताशेतांमधला फरक आकसणार नाही. मी कागदावर दोन रेघा काढून, एक अरुंद व एक रुंद, हा भेद त्यांना समजावला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "मोजून सांगायची ही रीत बियाण्याला लागू होते का?"

होते, आणि फार सुबकपणे होते, कारण तेथे माध्याऐवजी प्रमाणाचा अंदाज करावयाचा असतो. पुढच्या ज्येष्ठात, पेरणीपूर्वी, मी त्यांच्या गावी गेलो तेव्हा ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा असे घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे त्यांनी गुंडाळून ठेवले होते. दाणे पोत्याच्या तोंडाशी न घेता वरून, मधून, तळातून, डोळे मिटून घेतल्याचे त्यांनी आवर्जून सांगितले. उगवलेले दाणे अठ्ठ्याहत्तर निघाले. ०.७८ ला ०.२२ ने गुणून शंभराने भागले, वर्गमूळ काढले, १.९६ ने गुणले, तर अंतर आठ टक्के. म्हणजे पोत्यातील बियाण्याची उगवण सत्तर ते शहाऐंशी टक्के. प्रयोगशाळेप्रमाणे चारशे दाणे घेतले असते तर अंतर चारांवर आले असते. शिफारशीप्रमाणे सत्तर टक्के उगवणीला एकरी तीस किलो बियाणे लागते, आणि त्यांच्या मुलाने लगेच त्रैराशिक मांडून दाखविले, "अठ्ठ्याहत्तर आहे तर सत्तावीस किलो पुरे होतंय, तीन किलो वाचलं."

बापूंनी माझ्याकडे पाहिले. "खालचं टोक सत्तरच आहे ना साहेब?"

"हो."

"मग तीसच टाकायचं," ते मुलाला म्हणाले, आणि पोते उचलावयास लागले.