गोगलगाय आणि पोटात पाय

मंडळी, गेले दोन पावसाळे हा विषय डोक्यात आहे. पण लिहायला बसलं की हात थांबतो, कारण गोगलगायींबद्दल लिहायचं तर मोत्याबद्दलही लिहावं लागतं. परवा पुण्याहून पुतणीचा फोन आला. "काकू, मिरचीची सगळी रोपं एका रात्रीत फस्त! नुसते बुडखे उरलेत. गोगलगायी आहेत. काय टाकू?" तिला फोनवर काहीतरी अर्धवट सांगितलं आणि नंतर रुखरुख लागली. म्हटलं, आता एकदाचं नीट लिहूनच टाकावं.

वरची म्हण मी तेहतीस वर्षं शिकवली. वरून गरीब दिसणारी, आतून पक्की. मुलं ती वाक्यात उपयोग करून दाखवायची, बहुतेकदा वर्गातल्याच कुणावर तरी, आणि मी डोळे मोठे करायचे. पण खरी गोगलगाय खालून कशी दिसते हे मी निवृत्त होईपर्यंत पाहिलं नव्हतं. एका पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून एक चढत होती. आतून पाहिलं तर सगळं पोट म्हणजे एकच सपाट पाय, आणि त्यावरून मागून पुढे लाटा सरकतायत. जीवशास्त्रात या प्राण्यांच्या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात. म्हण ज्याने केली, त्याने नीट बघितलं होतं.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. मागे जेमतेम सव्वा गुंठ्याची परसबाग, ह्यांनी उभी केलेली. पडवळ, दोडका, काकडी, लाल माठ, मुळा आणि कडेला अळू. २०१९ मध्ये हे गेले. मुलगा म्हणाला, आई, आता झेपेल तेवढंच कर. पण बाग ही मोजूनमापून झेपवायची गोष्ट नाही. सकाळी मागचं दार उघडलं की ती वाट बघत असते, आणि तेव्हा मलाही कुणीतरी वाट बघणारं हवं होतं.

गोगलगायी पूर्वीही होत्या, लहान, तपकिरी. बिनशंखाच्याही होत्या, ज्यांना काही जण शेंबी म्हणतात. सासूबाई त्यांच्यावर मिठाची चिमूट टाकायच्या. मला ते बघवत नसे. शिवाय मिठाने माती बिघडते ते वेगळंच. पण अलीकडे दिसायला लागली ती मोठी शंखी गोगलगाय, मुठीएवढी. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून तिचे नमुने कलकत्त्याला आणले आणि ती तिथल्या बागेत रुजली. तिथून रोपांबरोबर, मातीबरोबर सगळीकडे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात हिने कोवळं सोयाबीन खाल्लं, लोकांना दुबार पेरण्या कराव्या लागल्या. एकाच जीवात नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे अंडी प्रत्येकीलाच घालता येतात. एका वेळी शंभराच्या वर, साबुदाण्यासारखी, मातीत पुरून.

२०२३ च्या जुलैत आमच्या बागेत नुसता उच्छाद होता. तीनदा माठ पेरला, तीनदा गेला. मी चिडले. बाजारातून गोगलगायींचं औषध आणलं, गोळ्यांचं. संध्याकाळी अळवाखाली आणि काकडीच्या आळ्यात टाकलं. सकाळी खरंच पंचवीस-तीस मेलेल्या. समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू?

मोत्या हा शेजारच्या तात्यांचा कुत्रा. हे गेल्यापासून तो रात्री आमच्या पडवीत झोपायचा, कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्या दिवशी दहाच्या सुमारास तात्यांनी हाक मारली. मोत्या थरथरत होता, पाय ताठ, तोंडाला फेस. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काही विषारी टाकलंय का कुठे?" मी आत जाऊन डबा आणला. ते म्हणाले, मेटाल्डिहाइड, यावर थेट उतारा नाही. गोळीत कोंडा आणि गोडवा असतो, कुत्री आवडीने खातात. दुपारी दोनला मोत्या गेला.

डब्यावर लिहिलेलं होतं, मंडळी. पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा. बारीक अक्षरांत, पण होतं. जिने तेहतीस वर्षं प्रत्येक परीक्षेला "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून मुलांचा जीव खाल्ला, तिने डबा वाचला नव्हता. तात्या काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर कुंपणाशी यायचे ते बंद झाले.

उरलेला डबा मी दुकानदाराला परत केला आणि ठरवलं, यापुढे जे करायचं ते हाताने. २०२४ च्या मिरगापासून जे करते आहे ते लिहिते.

पहिली गोष्ट मे महिन्यात. उन्हाळ्यात या गोगलगायी शंखाच्या तोंडाला पातळ पडदा लावून झोपतात. रचलेले चिरे, झावळ्यांचे ढीग, उपड्या कुंड्या, सगळं हलवायचं. तिथेच सापडतात. पुढचा अर्धा पावसाळा तिथेच वाचतो.

दुसरी, गोणपाट. गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधे पसरायचं. रात्रभर खाऊन झालं की उजाडताना त्या ओल्या अंधारात त्याखाली शिरतात. सकाळी उलटायचं आणि गोळा करायच्या. पपईची पानंही चालतात. मुलगी परदेशातून म्हणाली, बशीत बिअर ठेव. आता सत्तरी ओलांडलेली बाई बिअर आणायला गेली आणि काउंटरवर नेमका जुना विद्यार्थी भेटला तर? त्यांना ओढ असते ती आंबल्याच्या वासाची. मी आंबोळीच्या पिठाचं भांडं विसळून ते पाणी खोलगट वाटीत ठेवते, वाटी मातीत काठापर्यंत पुरून. शेंबी त्यात पडतात.

तिसरी, रात्रीची फेरी. साडेआठला विजेरी घेऊन. उघड्या हाताने मात्र कधीही उचलू नका, रबरी मोजे घाला. उंदरांच्या फुफ्फुसात राहणारा एक कृमी गोगलगायींमार्फत माणसात शिरला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. नातवंडांना तर हात लावूच देऊ नका, आणि पालेभाजी पान न् पान धुवा. गोळा केलेल्या साबणाच्या दाट पाण्यात टाकते, मग शंख फोडून खोल खड्ड्यात चुन्याबरोबर पुरते. रिकामे शंख तसेच टाकले तर त्यांत पाणी साचून डास होतात.

चौथी, रोपं कोवळी असताना बागेत न्यायचीच नाहीत. वीतभर होईपर्यंत पडवीत टेबलावर, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पाऊस ओसरल्यावर पाणी सकाळी घालायचं, संध्याकाळी नाही. रात्री माती ओली म्हणजे त्यांना आमंत्रणच.

जे चाललं नाही तेही सांगते. राखेची आणि चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंत काम करते. कोकणातल्या पावसात ती तासभर टिकत नाही. अंड्याची टरफलं पसरली, त्यावरून आरामात चालत गेल्या. नंतर कळलं, इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनेही २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी वगैरे करून पाहिलं होतं, त्यांनाही विशेष फरक दिसला नाही.

आणि मदतनीस. भारद्वाज रोज सकाळी येतो, शंखातून गोगलगाय ओढून खातो. काजव्याच्या अळ्या गोगलगायींवरच वाढतात हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. पावसाच्या तोंडावर झाडावर लुकलुकणारे ते काजवे आधी जमिनीवर आमचंच काम करत असतात! गोळ्या टाकल्या तर यातलं कोण मरतं हे आपल्याला दिसतही नाही.

रोजचा आकडा वहीत लिहिते, हजेरीसारखा. २०२४ च्या पहिल्या रात्री एकशे अठरा. ऑगस्ट अखेर नऊ-दहा. २०२५ च्या पहिल्या रात्री एकेचाळीस. शून्य कधीच नाही, आणि आता शून्याची अपेक्षाही नाही.

सुट्टीत आलेल्या नातीने वही बघून विचारलं, "आजी, नैसर्गिक म्हणतेस, पण हे मारणंच झालं ना?" शिक्षिकेला असे प्रश्न आवडतात आणि अडचणीतही आणतात. मी म्हटलं, हो, मारणंच. नैसर्गिक म्हणून पाप धुतलं जात नाही. फरक इतकाच की आता किती मारल्या आणि कुणाला मारलं हे मला माहीत असतं. त्या दिवशी माहीत नव्हतं.

गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी मी गोणपाट पसरत होते. कुंपणाशी खाकरल्याचा आवाज आला. तात्या उभे, हातात दोन जुनी पोती.

"बाई, तुमचं गोणपाट कुजलंय. ही घ्या. गूळ आहे ना घरात?"

"आहे," म्हटलं. पुढे काही सुचलं नाही. मोत्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पण जाताना ते म्हणाले, "आमच्या बाजूला पण एक टाका. तुमच्याकडनं पळालेल्या सगळ्या माझ्या भेंडीवर येतात."

तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत, एक आमचा, एक त्यांचा. सकाळी ते कुंपणापलीकडून आकडा सांगतात, मी लिहून घेते.

असो. पुतणीसाठी लिहायला घेतलं आणि लांबलं. तर बाळ, आधी गोणपाट आण. आणि काहीही विकत आणलंस तर त्याचा डबा आधी नीट वाच.