ए-५२ वरचे दोघे

इंग्लिश फुटबॉलपटू ब्रायन क्लफच्या कारकिर्दीचे आकडे पाहणारा कुणीही आधी गोलांपाशी थांबतो. लीगचे २७४ सामने, २५१ गोल. मी अडकलो तो त्यातल्याच एका बारक्या आकड्यात. या २७४ पैकी २७१ सामने तो सेकंड डिव्हिजनमध्ये खेळला. फर्स्ट डिव्हिजनमध्ये फक्त ३. त्या तिनांत एक गोल, १९६४ च्या सप्टेंबरात, लीड्सविरुद्ध. सामन्यामागे जवळजवळ एक गोल अशा हिशेबाने आयुष्य काढलेला सेंटर फॉरवर्ड, आणि सर्वोच्च डिव्हिजनचं दार त्याच्यासाठी उघडलं तेव्हा धावायला गुडघाच उरला नव्हता.

तो गुडघा गेला २६ डिसेंबर १९६२ ला. क्लफ तेव्हा संडरलंडकडून खेळायचा; मैदान त्यांचंच रोकर पार्क, समोर बरीचा संघ. त्या हिवाळ्यात इंग्लंड असं गोठलं की पुढचे कितीतरी आठवडे सामने होऊच शकले नाहीत. पुढे आलेल्या चेंडूमागे क्लफ धावला. नजर चेंडूवर, गोलकीपर ख्रिस हार्करवर नाही. हार्कर झेपावत बाहेर आला आणि त्याचा खांदा क्लफच्या उजव्या गुडघ्यावर आदळला. अस्थिबंधनं फाटली. क्लफ तशा पायानेही चेंडूकडे सरपटायला बघत होता. बरीचा बॉब स्टोको रेफ्रीला सांगत होता की हा सोंग करतोय. हे क्लफने पुढे स्वतःच सांगितलं आणि स्टोकोला जन्मभर माफ केलं नाही. मला त्याचा हा राग समजतो. सत्ताविसाव्या वर्षी ज्याचं सगळं गेलं, त्याला ढोंगी म्हणवून घ्यायचं म्हणजे फार झालं. त्या मोसमात संडरलंडची बढती गोल-सरासरीवर हुकली, चेल्सी वर गेली. आघाडीला क्लफ असता तर, हा विचार संडरलंडच्या माणसांनी किती हिवाळे केला असेल!

खेळणं संपल्यावर संडरलंडचा मॅनेजर जॉर्ज हार्डविक याने क्लफच्या हाती क्लबची पोरं सोपवली आणि पुढचा मॅनेजर तिथे घडायला लागला. १९६५ मध्ये, तिशीत, तो मॅनेजर म्हणून हार्टलपूल्सला गेला. क्लब चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी, पैशाची वानवा. संघाची बस चालवता यावी म्हणून त्याने परवाना काढला. कामगारांच्या क्लबांमधून फिरून पैसे गोळा केले. पण जाताना त्याने आधी कुणाला बोलावलं असेल तर पीटर टेलरला, आणि मला सांगायचं आहे ते खरं तर टेलरबद्दल.

टेलर गोलकीपर. क्लफपेक्षा सात वर्षांनी मोठा, नॉटिंगहॅमचा, १९५५ मध्ये मिडल्सब्रोला आलेला. क्लफ तेव्हा तिथेच, राखीव खेळाडूंच्याही रांगेत मागे होता. सराव सामन्यात टेलरने त्याला पाहिलं आणि ठरवून टाकलं की हा पोरगा असामान्य आहे. नुसतं ठरवलं नाही, भेटेल त्याला सांगत सुटला. गोलकीपरलाच हे दिसावं यात मला नवल वाटत नाही. आपल्या अंगावर येणारा फटका पायातून सुटायच्या आधी कुठून येणार, हे वाचणं हाच त्याचा धंदा. तासन्‌तास दोघे फुटबॉलवर बोलत राहायचे. माणसाला पहिल्यांदा ओळखणारा माणूस आयुष्यात एकदाच मिळतो. क्लफला तो विशीत मिळाला.

पुढे टेलरने हीच नजर धंद्याला लावली. १९६७ मध्ये दोघे डर्बीत होते. ट्रॅनमिअर रोव्हर्सचा रॉय मॅकफार्लंड हा एकोणीस वर्षांचा बचावपटू टेलरच्या मनात भरला होता. दोघे थेट त्याच्या घरी धडकले, तेही मध्यरात्रीच्या सुमाराला. पोरगा झोपलेला. त्याला उठवून खाली आणलं. तो रात्रीच्या कपड्यांत, डोळ्यांवर झोप, मनात लिव्हरपूल. आणि समोर हे दोघे, सही घेतल्याशिवाय हलायला तयार नाहीत. शेवटी बाप म्हणाला, एवढी गरज वाटत असेल त्यांना तर जा. पोराने सही केली. १९७२ ला डर्बी इंग्लंडचं विजेतं ठरलं तेव्हा तो कर्णधार होता आणि इंग्लंडकडून तो एकूण २८ सामने खेळला. केनी बर्न्सवर डोळा होता तेव्हा टेलर म्हणे वेष बदलून कुत्र्यांच्या शर्यतींना जाऊन बसायचा, हा माणूस जुगारात किती घालवतो ते पाहायला. बर्न्स तोवर पुढे खेळणारा, तापट म्हणून बदनाम. पुढे दोघांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला मागे आणलं आणि १९७८ मध्ये फुटबॉल पत्रकारांनी त्यालाच वर्षाचा खेळाडू निवडलं.

क्लफ लीड्सचा मॅनेजर होता ते १९७४ मधले ४४ दिवस सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यावर कादंबरी झाली, सिनेमाही झाला. मला त्या दिवसांचं एवढंच महत्त्व वाटतं की तेव्हा टेलर बरोबर नव्हता, दोघे आधी जिथे होते त्या ब्रायटनलाच तो राहिला होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टचंही तसंच. क्लफ जानेवारी १९७५ मध्ये आला. १९७६ च्या मोसमाअखेर संघ सेकंड डिव्हिजनमध्ये आठवा. त्या उन्हाळ्यात टेलर आला. १९७७ ला बढती, १९७८ ला फर्स्ट डिव्हिजनचं अजिंक्यपद, १९७९ ला म्युनिकमध्ये माल्मोला आणि १९८० ला माद्रिदमध्ये हॅम्बुर्गला हरवून लागोपाठ दोन युरोपियन कप. लीगमध्ये सलग ४२ सामने न हरता. क्लफशिवाय हे झालं नसतं, हे जगाला मान्य आहे. टेलरशिवायही झालं नसतं, हे मात्र पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

मग कुरबुर सुरू झाली. १९८० मध्ये टेलरने दोघांच्या सहवासावर पुस्तक लिहिलं, क्लफला न सांगता. ते त्याला लागलं. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला आणि काही महिन्यांतच डर्बीचा मॅनेजर म्हणून परतला. जानेवारी १९८३ मध्ये एफए कपमध्ये डर्बीने फॉरेस्टला २-० हरवलंसुद्धा. त्याच वर्षी त्याने जॉन रॉबर्टसनला डर्बीत नेलं. माद्रिदचा विजयी गोल ज्याचा, तोच रॉबर्टसन. क्लफ तेव्हा कुठल्याशा मदतनिधीसाठी पेनाइन वे तुडवत होता; ही बातमी त्याला टेलरकडून कळली नाही. तो इतका चिडला की वर्तमानपत्रातून बोलला: ए-५२ वर टेलरची गाडी बंद पडलेली दिसली तर मी थांबणार नाही, त्याच्या अंगावर गाडी घालीन. नॉटिंगहॅम आणि डर्बी यांना जोडणारा तो रस्ता, दोघांचा रोजचा.

पुढे सात वर्षं अबोला. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर मायोर्कात वारला, समेट न होताच. क्लफ अंत्यविधीला गेला. आत्मचरित्रात त्याने टेलरचं ऋण मोकळ्या मनाने मान्य केलं. मला त्या सात वर्षांची हळहळ त्या गुडघ्यापेक्षा जास्त वाटते. गुडघा डॉक्टरांना जोडता आला नाही. हा दुरावा एका फोनने मिटला असता. क्लफची दारू, १९९३ ची फॉरेस्टची घसरण, २००३ चं यकृतारोपण, २००४ च्या सप्टेंबरातला मृत्यू, हे सगळं मला त्यानंतरचं वाटतं. २००५ मध्ये ए-५२ चा तो तुकडा ‘ब्रायन क्लफ वे’ झाला. डर्बीच्या मैदानाबाहेर पुतळा उभारला तेव्हा तिथल्या लोकांनी दोघांचा मिळून उभारला, ते मला फार बरं वाटलं.

क्लफचा मुलगा नायजेलही स्ट्रायकर, फॉरेस्टकडून शंभरावर गोल. बाप चारचौघांत त्याचं नाव घेत नसे, ‘नंबर नाइन’ म्हणे. १९९८ मध्ये नायजेल बर्टन अल्बियन या लीगबाहेरच्या छोट्या क्लबचा खेळाडू-मॅनेजर झाला आणि तिथे दहा वर्षं टिकून राहिला, आरडाओरडा न करता. जानेवारी २००६ मध्ये एफए कपसाठी मँचेस्टर युनायटेड बर्टनच्या सहा हजारांच्या मैदानावर आलं आणि ०-० वर परत गेलं. फेरसामन्याला बर्टनची अकरा हजारांवर माणसं ओल्ड ट्रॅफर्डला गेली, ५-० हरायला. मला विचाराल तर त्यातला बर्टनच्या मैदानावरचा सामना पाहायला मिळायला हवा होता, टचलाइनजवळ, नायजेलच्या बाजूला उभं राहून.