मी चिडलेलो नाही!

मी स्वभावाने अत्यंत शांत मनुष्य आहे. हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा उच्चारले आहे, की ते उच्चारताना आता मला खरोखरच राग येऊ लागला आहे. कारण ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "बरं बरं, आधी शांत व्हा!"

दोष माझा नाही, चेहऱ्याचा आहे. पंचेचाळिशी उलटली आणि माझे गाल व नाक एकाएकी लाल होऊ लागले. सुरुवातीला ते येऊनजाऊन असे. उन्हातून आलो, कढत चहा घेतला, की तोंडावर तांबडे फुटायचे आणि अर्ध्या तासाने मावळायचे. पुढे फुटणे तेवढे चालू राहिले, मावळणे बंद झाले. वर बारीक पुटकुळ्या. लहानपणी माझ्या गुलाबी गालांचे आजीला भारी कौतुक होते; पण बाळाच्या गालाला जे शोभते ते हेडक्लार्कच्या गालाला शोभत नाही.

मग निदाने सुरू झाली. साहेब म्हणाले, "ब्लडप्रेशर बघून घ्या." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पित्त हो! सब्जा खा." मेहुण्याने निदान केलेच नाही, नुसता डोळा मिचकावून "ब्रँड कोणता?" असे विचारले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तर एक ट्यूबच काढून दिली. म्हणाला, "सगळे हीच नेतात." आठ दिवस माझा चेहरा संगमरवरी झाला. ट्यूब संपली आणि लाली व्याजासकट परत आली. मी दुसरी ट्यूब आणली. मग तिसरी.

अशातच आमच्या कन्येचे लग्न ठरायची बोलणी निघाली. व्याही मंडळी पहिल्यांदा घरी आली ती नेमकी वैशाखातल्या दुपारी. लाइट गेलेले. पोह्यांत मिरची सढळ, वर वाफाळता चहा आणि मुलीचा बाप म्हणून पोटात उठलेला गोळा! माझा चेहरा शेंदूर फासलेल्या मारुतीसारखा झाला. दोन दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "काय हो, तुम्ही... घेता का?"

ज्याला सुपारीचेही व्यसन नाही अशा माणसाला हा प्रश्न! सौ. संतापली. (संतापली ती, लाल झालो मी.) कन्या मात्र हसली नाही की रडलीही नाही. रात्री जवळ येऊन म्हणाली, "बाबा, डॉक्टरांकडे जाऊ या. माझ्या लग्नासाठी नव्हे. तुम्ही हल्ली कुठल्याच फोटोत उभे राहत नाही."

हे तिच्या लक्षात आले असेल असे मला वाटले नव्हते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या. भिंगातून माझे नाक न्याहाळून म्हणाल्या, "काका, हा रोझेशिया." नाव एखाद्या फुलाचे वाटावे इतके गोड. त्यांनी समजावले, की चेहऱ्याच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुगतात आणि हळूहळू तशाच फुगलेल्या राहतात. हे तारुण्यातले मुरूम नव्हेत. त्यांच्यासारखी काळी टोके यात नसतात. दारूने हा विकार बळावू शकतो, पण थेंबही न शिवलेल्यालाही तो होतो. (हे वाक्य मी त्यांच्याकडून लिहून मागणार होतो.) सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून आपल्याकडे पुष्कळांचे निदानच होत नाही. डोळे चुरचुरतात तेही यानेच. कायमचा जात नाही, पण ताब्यात राहतो.

ट्यूब पाहून मात्र बाई गंभीर झाल्या. "यात स्टेरॉइड आहे. आधी बरं वाटतं, मग दुप्पट उलटतं." अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ सालीच झाला आहे. मला ती पेपरमिंटच्या गोळ्यांसारखी मिळत होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ट्यूब सुटली आणि मेट्रोनिडॅझोलची जेल, सौम्य साबण व ढगाळ दिवशीसुद्धा सनस्क्रीन सुरू झाले. शिवाय रोजनिशी! प्रत्येकाचा चेहरा वेगवेगळ्या गोष्टींनी भडकतो, तेव्हा आपापले गुन्हेगार आपणच शोधायचे. माझ्या नोंदी अशा :

सोमवार : कढत चहा. लाल.
मंगळवार : कोमट चहा. लाल नाही, पण जगण्यात अर्थ नाही.
बुधवार : भर उन्हात मंडई. लाल.
गुरुवार : मिसळ. फार लाल. तक्रार नाही.
शुक्रवार : सौ.चे बंधू आले. लाल.

"शुक्रवारचं टाळता येईल का?" बाईंनी विचारले. सौ. शेजारीच बसली होती. मी नाही म्हणालो.

निघताना बाईंनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. घिरलांदायो नावाच्या इटालियन चित्रकाराने १४९०च्या सुमारास काढलेले, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेले. एक म्हातारा, त्याचे नाक गाठीगाठींनी फुगलेले. आणि मांडीशी एक लहानगा. या विकारात काहींचे, विशेषतः पुरुषांचे, नाक असे जाड होते. मी घाबरून नाकच पाहत होतो. कन्या म्हणाली, "बाबा, नाक काय बघताय? तो मुलगा कसा बघतोय आजोबांकडे, ते बघा."

व्याह्यांना मी स्वतःच फोन करून आजाराचे नाव सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या हिलाही गालांवर असंच होतं. आम्ही पित्त समजत होतो."

लग्न झाले. जेलने लाली बरीच उतरली होती, तरी कन्यादानाच्या फोटोत मी चांगलाच तांबडा आहे. फोटोग्राफर म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवर जरा गोरं करून देतो." कन्या म्हणाली, "नको. बाबा आहेत तसेच राहू देत."

त्या दिवशी रोजनिशीत कारण लिहायचे होते. मी लिहिले : होमाची धग.