फूड बँक आणि आमच्या वर्गाचा एक कट्टा तांदूळ



गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाने ‘मूठभर धान्य’ उपक्रम केला. रोज घरून एक मूठ आणायची आणि महिन्याच्या शेवटी जवळच्या बालगृहाला द्यायची. मुलांचा उत्साह तर विचारूच नका! फोटो काढले, पालकांच्या ग्रुपवर टाकले. दोन आठवड्यांनी बालगृहातल्या ताईंचा फोन आला.

“मॅडम, राग मानू नका. तुमच्या कट्ट्यात जाडा तांदूळ, कोलम, ज्वारी, गहू सगळं एकत्र झालंय. निवडायला दोन बायका दोन दिवस बसल्या. तांदूळ आमच्याकडे आहेच हो, डाळ आणि तेल संपलंय.”

ग्रुपवरचे ते फोटो पुन्हा बघायचं धाडस मला झालं नाही. मग मदत नीट कशी पोचवतात हे शोधायला बसले आणि फूड बँकेची माहिती मिळाली.

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक सुरू केली. दुकानं चांगलं अन्न टाकून देतात, ते पैशासारखं एका जागी ठेवता आणि काढता आलं तर, अशी कल्पना त्यांना एका गरजू आईशी बोलताना मिळाली. चर्चने ३,००० डॉलर आणि एक बंद पडलेली बेकरी दिली. पहिल्याच वर्षी २,७५,००० पौंड अन्न वाटलं गेलं. (याचे किलो करायला मी वर्गाला दिले, साधारण सव्वा लाख आले. गणिताचा तास सार्थकी लागला!)

आता गंमत बघा. अशी बँक बहुतेक वेळा भुकेल्या माणसाच्या दारात स्वतः जात नाही. ते काम गल्लीतल्या छोट्या संस्था करतात, कारण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. पण त्यांच्याकडे गोदाम नसतं. ट्रकभर दूध आलं तर दोन फळ्यांच्या कपाटात ठेवणार कुठे? म्हणून बँक माल उतरवून घेते, तारखा तपासते, थंड ठेवते, लहान वाटे करते. संस्था उपलब्ध मालाच्या यादीतून हवं ते मागवतात. कुठे बँक फ्रिजसाठी मदत करते, अन्न सुरक्षित कसं हाताळायचं ते शिकवते. बदल्यात संस्थेने माल विकायचा नाही, नोंदी ठेवायच्या आणि तपासणी होऊ द्यायची. अगदी आपल्या पोषण आहाराच्या साठा नोंदवहीसारखं!

चुका त्यांच्याही झाल्या. २००५ पर्यंत तिथल्या देशव्यापी जाळ्यात ज्याचा नंबर, त्याला माल, अशी पद्धत होती. त्यामुळे बटाट्यांसाठीच प्रसिद्ध असलेल्या आयडाहो राज्याला बटाटेच देऊ केले जायचे. मग प्रत्येक बँकेला ठरावीक गुण देऊन हव्या त्या मालावर बोली लावायची सोय केली. हे वाचताना मला आमचा कट्टा आठवला.

यंदा मुलांना काही सांगायच्या आधी ताईंना फोन केला. “काय हवंय?” त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग यादी आली: तूरडाळ, गोडेतेल, शेंगदाणे, अंगाचे साबण. मुलांनी गट करून एकेक वस्तू वाटून घेतली. शेंगदाणे पहिल्या रांगेकडे आहेत. त्यातले थोडे वाटेतच संपणार, हे मी धरूनच चालले आहे.