जेवलात का?

२००५ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात राहायला गेलो. कारखान्याच्या कामासाठी दीड वर्षाचा मुक्काम होता. जुन्या किल्ल्याच्या तटबंदीजवळ एका दुमजली घरात वरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण आजी एकट्याच राहत. सत्तरी ओलांडलेली, कंबर वाकलेली, पण आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बाप मॉगॉस्सॉ?"

त्यातला 'बाप' तेवढा ओळखीचा वाटला. वडिलांची चौकशी करताहेत असं समजून आम्ही मान डोलावली. नंतर कळलं, 'बाप' म्हणजे भात, आणि कोरियन भाषेत भात म्हणजेच जेवण. आजी विचारत होत्या, 'जेवलात का?'

पुढे रोज हाच प्रश्न. सकाळी आठला, दुपारी चारला, कचऱ्याची पिशवी ठेवायला गेलो तरी. सुरुवातीला आम्ही खरंखुरं उत्तर द्यायचो. 'अजून नाही' म्हटलं की आजींचा चेहरा चिंतेत पडे आणि पाच मिनिटांत काहीतरी वाडगं वर येई. मग उमगलं की हा प्रश्न आपल्या 'काय, कसं काय?'सारखा आहे. 'हो, जेवलो' म्हणायचं आणि पुढे जायचं.

पण तो नुसता उपचार नव्हता. साताऱ्याहून अम्मीचा फोन आला की तिचंही पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "खाना खाये क्या?" अम्मीने बहात्तरचा दुष्काळ पाहिला होता, आजींनी १९५० ते ५३ चं युद्ध. त्यांच्या भाषेत 'पोरित्कोगे' असा शब्द आहे, सातूची खिंड. मागच्या हंगामाचा तांदूळ संपलेला आणि शेतातला सातू अजून हिरवा, अशा वसंतातल्या उपासमारीच्या दिवसांना हे नाव. ती खिंड दरवर्षी ओलांडावी लागे. ज्यांनी ती ओलांडली, ते दुसऱ्याला भेटल्यावर आणखी काय विचारणार?

आठवड्यातून दोनदा आम्ही परदेशी लोकांसाठीच्या मोफत भाषावर्गात जायचो. शिक्षिका हसतमुख होत्या. व्याकरण कंटाळवाणं झालं की फळ्यावर एखादा वाक्प्रचार लिहीत आणि त्यांचे बरेचसे वाक्प्रचार पोटातून आलेले असत. 'शिजांगी बान्चान', म्हणजे भूक हेच तोंडीलावणं. आम्ही लगेच वहीत लिहिलं, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. 'कुमगांग डोंगरसुद्धा जेवणानंतरच पाहावा', अशी एक म्हण. कुमगांग हा उत्तर कोरियातला नितांत सुंदर डोंगर. आमच्यापैकी एक म्हणाला, आधी पोटोबा मग विठोबा. दुसरी म्हणाली, अव्वल तआम, बाद कलाम. दोन्ही आपलंच.

चुलतभावाने जमीन घेतली की कोरियन माणसाच्या पोटात दुखतं. आपल्याही दुखतं. ते शिव्या खातात, आपणही खातो. ते भीती 'खातात', आपण हाय खातो. लाचही दोन्हीकडे खाल्लीच जाते. शिवाय ते वय खातात, आणि मनाशी एखादा निश्चय केला तर मन खाल्लं म्हणतात. लग्न कधी करणार, हे विचारायचं तर 'शेवया कधी खायला घालणार?' असं विचारतात. परीक्षेत नापास झालेला समुद्री शेवाळाचं सूप पितो, कारण ते निसरडं असतं. गंमत म्हणजे वाढदिवसाला आणि बाळंतिणीलाही तेच सूप देतात. तुरुंगात गेलेला घेवड्या-वाटाण्याचा भात खातो. 'बापमात' म्हणजे भाताची चव. ती 'नाही' म्हटलं तर जेवणावर वासना नाही असा अर्थ होतो, आणि समोरचा माणूस अगदी नकोसा आहे असाही. त्यामुळे ते वाक्य जपून वापरा, असं बाईंनी बजावलं होतं.

दोन शब्द मात्र वहीत राहिले नाहीत, मनात उतरले. 'शिक्कू' म्हणजे कुटुंब. त्यातली अक्षरं चिनी मुळाची, अर्थ खाणारी तोंडं. जे एकत्र जेवतात ते कुटुंब, इतकं सरळ. आणि दुसरा 'नुन्चित्बाप', म्हणजे दुसऱ्याची नजर चुकवत, त्याचा कल पाहत खाल्लेला भात. आश्रिताचा घास. या शब्दाला मराठी प्रतिशब्द सापडला नाही, पण त्याची चव आम्हांला ठाऊक होती.

त्या वर्षी १८ सप्टेंबरला त्यांचा चुसॉक हा सुगीचा सण आला. आजींनी पहाटेपासून खपून केलेले पदार्थ मोठ्या ताटात मांडून वर आणले. तांदळाच्या उकडीच्या करंज्या होत्या आणि मधोमध गोल तळलेल्या वड्या. कशाच्या, म्हणून विचारलं. टोफू आणि डुकराचं मटण. आम्ही वर्गात शिकलेलं वाक्य शुद्ध उच्चारांत म्हटलं, "आन मॉगॉयो." आम्ही खात नाही.

आजी काही बोलल्या नाहीत. ताट उचललं आणि जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा 'जेवलात का' विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

वर्गात बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाक्य चुकलं नाही, शब्द चुकला." कोरियनमध्ये नकाराचे दोन लहान शब्द आहेत. 'आन' म्हणजे मी करत नाही, माझी मर्जी. 'मोत' म्हणजे मला करता येत नाही, इलाज नाही. "मोन मॉगॉयो म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, आम्हांला नको. त्यांनी ऐकलं, तुमच्या हातचं नको."

त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. लग्न होऊन पुण्यात आलो तेव्हाची पहिली ईद आठवली. शेजारी शीरखुर्मा पाठवला होता. वाटी घासूनपुसून परत आली, गोड हसून आली. दोन दिवसांनी कामवाल्या बाईंनी सहज सांगितलं, तो शीरखुर्मा मला दिला होता, छान झाला होता हो. त्या एका वाक्याने झालेली जखम आम्ही कितीतरी वर्षं कुरवाळली. आणि आता कुणाच्या तरी घरी आम्ही ते शेजारी झालो होतो.

सगळं सारखंच आहे असं आम्ही म्हणणार नाही. एखादा पदार्थ न खाणं वेगळं आणि एखाद्याच्या हातचं न खाणं वेगळं. पहिल्यात आपला नियम असतो, दुसऱ्यात समोरच्याचा अपमान. पण पहिलं बोलताना दुसरं ऐकू जातं, हे आम्हांला तोवर कळलं नव्हतं. शिवाय तो शीरखुर्मा पाठवताना शेजाऱ्यांना काय चालतं, हे आम्हीही कुठे विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन आम्ही आजींपुढे वाकलो आणि म्हणालो, "धर्मामुळे मोन मॉगॉयो." आजींनी 'मोन' ऐकलं आणि "आयगो!" म्हणून कपाळावर हात मारला. "आधी नाही का सांगायचं!"

ऑक्टोबरात रमजान लागला. आता रोजच्या प्रश्नाला 'हो, जेवलो' म्हणणं म्हणजे खोटं, आणि 'नाही' म्हणणं म्हणजे वाडग्याला आमंत्रण. रोज्याबद्दल समजावून सांगितलं. "मुल्दो?" आजींनी विचारलं. पाणीसुद्धा नाही? पाणीसुद्धा नाही. उपाशी राहायला लागू नये म्हणून जिचा जन्म गेला, तिला मुद्दाम उपाशी राहणारी माणसं कशी कळावीत? आम्हांला वाटलं, नाहीच कळणार.

रविवारी दोन ठिकाणी गाडी बदलून आम्ही सेऊलमधल्या इतेवॉनच्या मशिदीत गेलो. ही मशीद १९७६ साली उघडली. कोरियन युद्धात आलेल्या तुर्की सैन्याबरोबरच्या इमामांमुळे तिथे इस्लामची ओळख पसरली. शेजारच्या दुकानातून हलाल मटण आणि खजूर घेऊन संध्याकाळी परतलो, तर आजी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. मांडीवर कापडात गुंडाळलेलं भांडं.

"सूर्य बुडाला का?" त्यांनी विचारलं. पाच-सात मिनिटं होती. भांड्यात उकडलेली रताळी होती, वाफाळलेली. आजींनी बोट दाखवून सावकाश, शब्द सुटे करून विचारलं, "मॉगुल सू इस्सॉ?" हे खाता येतं का?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसू आवरेना. साताऱ्याला एकादशीला शेजारच्या काकू आम्हां पोरांना हीच रताळी द्यायच्या. "येतं," आम्ही म्हणालो, "नक्की येतं."

वेळ झाली. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात टाकला, मग रताळं घेतलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे म्हटलं, "चाल मॉक्केस्सुम्निदा." मी चांगलं जेवीन. आजीही आमच्या खोलीत जमिनीवर बसून जेवल्या. तोवर त्या थांबल्या होत्या.

२००६ च्या सप्टेंबरात आम्ही परतलो. ऑक्टोबरात ईद झाली. आदल्या संध्याकाळी शेजारी जाऊन आम्ही विचारलं, "उद्या शीरखुर्मा पाठवायचाय. केलेला चालेल, की दूध-शेवया-खारीक देऊ? मनापासून सांगा, राग नाही." वहिनी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना चालत नाही हो. शेवया द्या. पण मी तुमच्याकडे येऊन वाटीभर खाईन."

आणि त्या आल्या. दारातच आम्ही त्यांना विचारलं, जेवलात का?