उडवण्याआधी नकाशा

प्रवासात ड्रोन न्यायचा असेल तर मुक्काम ठरवण्याआधी मी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा बघतो. 2021च्या ड्रोन नियमांनी देशाचं आकाश हिरवं, पिवळं आणि लाल असं वाटून दिलं आहे. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक 200 फुटांवर येते. 5 ते 8 किलोमीटरमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. त्याच्याही आत लाल भाग.

सिंधुदुर्गात भोगव्याला जायचं ठरलं तेव्हा या नकाशाचं मोल कळलं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. परुळ्याकडून वळणं घेत, चढ-उतार करत किनाऱ्यावर उतरलं की विमानतळ कुठल्या कुठे मागे राहिला असं वाटतं. पण नियमाला रस्त्याचं अंतर चालत नाही. हवाई अंतर धरतात, तेही कुंपणापासून. तसं मोजलं तर भोगव्याचा किनारा 5 किलोमीटरच्या आत येतो. म्हणून तिथे ड्रोन बॅगेतच ठेवायचा, हे घरूनच ठरलं होतं.

आम्ही उतरलो होतो त्या घरचे काका मात्र मागे लागले, “आमच्या घराचो वरसून एक व्हिडिओ काढ मरे!” त्यांना कारण सांगत होतो, तेवढ्यात समुद्राकडून पंख्यांचं विमान आलं. चाकं खाली काढलेली, खिडक्या ओळीने दिसाव्यात इतकं खाली. काका बघत राहिले आणि म्हणाले, “मगे नको.” घराचे फोटो माडाखालून काढले.

पुढे विमानतळापासून लांब, हिरव्या भागातल्या एका कड्यावर ड्रोन उडवला. तिथे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पडद्यावरची उंची ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची असते. कड्यावरून सोडून समुद्रावर नेला की कड्याची उंची त्यात मिळवायची. पडद्यावर 300 दिसत असतात आणि पाण्यापासून 400 कधीच ओलांडलेले असतात.

किल्ल्यांचं वेगळं. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे त्यांची परवानगी हवी. लष्करी तळही टाळायचे: गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे, पुण्यात लोहगावला हवाई दलाचा. शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी 96 तासांपर्यंत एखादा भाग लाल ठरवू शकतो. म्हणून उडवायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघायचा.

“एवढंसं खेळणं विमानाचं काय करणार?” असं विचारणारे भेटतात. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला असाच एक छोटा हौशी ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं आणि आग पेटलेली असताना ते विमान जमिनीवर उभं राहिलं. उडवणाऱ्याला आपला ड्रोन दिसतही नव्हता.

म्हणून हौशी मित्रांना कळकळीने सांगतो: नकाशा घरीच बघा, ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका, आणि विमानाचा आवाज कानावर आला की आधी खाली उतरवा. विमानात बसलेल्यांच्या जिवापेक्षा आपलं चित्रीकरण मोठं नाही.